वर्डप्रेसचं साइट हेल्थ: प्लगिन "लिहिता येत नाही" म्हणालं की आधी इथे बघा (५ पैकी ३.५)

वर्डप्रेस या वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरच्या अॅडमिनमध्ये टूल्सखाली साइट हेल्थ नावाचं पान असतं, बहुतेक जण ते हिरवा गोल दिसला की बंद करतात. २०१९ च्या मे महिन्यात ५.२ आवृत्तीबरोबर ते आलं. वेगळं काही इन्स्टॉल करायला लागत नाही. वाचनालयं, छोट्या संस्था, दिवाळी अंक असल्या साइट जे सांभाळतात त्यांच्यासाठी यातला सगळ्यात कामाचा भाग तळाशी आहे, इन्फो टॅब उघडा आणि खाली जात राहा, शेवटी फाइलसिस्टिम परमिशन्स, म्हणजे कुठल्या फोल्डरात लिहायची परवानगी आहे ते, सापडेल. मी रिव्ह्यू तेवढ्याच भागाचा लिहितोय, कारण प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचं जादा सॉफ्टवेअर) अपडेट होत नाही, फोटो चढत नाही, कॅशे फोल्डर बनवता येत नाही या तक्रारी आल्या की माझी सुरुवात तिथूनच होते.

तिथे काय दिसतं तर मुख्य फोल्डर, डब्ल्यूपी-कंटेंट, अपलोड्स, प्लगिन्स, थीम्स यांच्यापुढे रायटेबल (लिहिता येतं) किंवा नॉट रायटेबल. एवढंच. पण हे उत्तर कोण देतंय ते महत्त्वाचं आहे, कारण लोक एसएसएचने (दुरून सर्व्हरवर कमांड द्यायची सोय) आत जातात, टच कमांडने एक रिकामी फाइल बनवून बघतात, ती बनते आणि मग म्हणतात परमिशन तर ठीक आहे. अहो पण ती फाइल तुम्ही बनवली, वर्डप्रेस ज्यावर चालतं त्या पीएचपीने नाही! उबुंटू-डेबियन या लिनक्सवर पीएचपी बहुधा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरखाली चालतं, रेड हॅटच्या घरात अपाचे नावाखाली, आणि शेअर्ड होस्टिंगवर बऱ्याचदा तुमच्याच खात्याखाली. साइट हेल्थ स्वतः पीएचपीमधून विचारतं त्यामुळे प्लगिनला जे दिसणार तेच त्याला दिसतं. या एका गोष्टीसाठी मी त्याला पूर्ण मार्क देतो.

आता ते कुठे कमी पडतं ते सांगतो.

एक तर ते कारण सांगत नाही. नॉट रायटेबल म्हटलं आणि विषय संपला. समजा प्लगिन्स फोल्डर ७५५ आहे (मालकाला लिहिता येतं, इतरांना फक्त वाचून आत जाता येतं), ओनर म्हणजे मालक पण बरोबर आहे, तरी लिहिता येत नाही. अशा वेळी वरच्या प्रत्येक फोल्डरमधून आत शिरायची परवानगी हवी असते हे लक्षात घ्या, खोलीची किल्ली असून जिन्याचं दार बंद असेल तर काय उपयोग. यासाठी नेमआय कमांड आहे, तिला मायनस एल द्या आणि पूर्ण पाथ द्या, मुळापासून शेवटपर्यंत प्रत्येक पायरीचा ओनर, ग्रुप आणि परमिशन एकाखाली एक येतात. साइटचं एखादं फोल्डर लिंक देऊन कोणाच्या होम फोल्डरमध्ये ठेवलं असेल आणि ते होम ७०० (मालकाशिवाय कोणालाच प्रवेश नाही) असेल तर तिथेच अडकलेलं डोळ्यांना दिसतं. इतकी चांगली कमांड, पण ती वापरणारे फार कमी लोक मला भेटलेत.

दुसरं म्हणजे एसईलिनक्स, लिनक्समधला नेहमीच्या परमिशनवरचा जादा पहारा. सेंटओएस ७ या लिनक्सचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला आणि बरेच जण आल्मालिनक्स किंवा रॉकीवर गेले, तिथे एसईलिनक्स मुळातच चालू असतं, उबुंटूवरून येणाऱ्याला त्याची सवय नसते. ओनर बरोबर, ७५५ बरोबर, नेमआय स्वच्छ, आणि साइट हेल्थ तरी नॉट रायटेबल म्हणतं. ते खरंच बोलत असतं, फक्त अडवणारा दुसराच असतो. एलएसला (फाइलची यादी दाखवणारी कमांड) कॅपिटल झेड देऊन बघा, प्रत्येक फाइलला एक लेबल चिकटलेलं दिसेल. एचटीटीपीडी-सिस-कंटेंट-टी असेल तर वेब सर्व्हरला वाचता येतं पण लिहिता येत नाही, लिहायला मधे आरडब्ल्यू असलेलं लेबल लागतं. आणि हे लेबल बिघडतं कसं तर फार साध्या कामातून, प्लगिनची झिप आपल्या होममध्ये उघडायची आणि एमव्हीने साइटच्या फोल्डरात हलवायची, एमव्ही जुनं लेबल बरोबर घेऊन येतं, सीपीने कॉपी केली असती तर नव्या जागेचं लेबल लागलं असतं. आधी रिस्टोरकॉन (लेबल त्या जागेच्या नियमाप्रमाणे परत लावणारी कमांड) चालवून बघा, नेहमीच्या जागी असलेल्या साइटला कधी कधी तेवढंच पुरतं. साइट वेगळ्याच पाथवर असेल तर सेमॅनेजने त्या पाथचा नियम लिहून मग रिस्टोरकॉन. नुसतं सीएचकॉनने लेबल बदललं तर आज चालेल पण पुढे कधी रीलेबल झालं की सगळं पुसलं जाणार. आणि एसईलिनक्स कायमचं बंद करून टाका असा सल्ला कोणी दिला तर कृपा करून ऐकू नका, खात्री करायला मिनिटभर परमिसिव्ह मोडला (अडवत नाही, फक्त नोंद करतं) टाकून परत चालू करा, ऑडिट लॉगमध्ये नकार कोणाला आणि कशासाठी मिळाला ते लिहिलेलं सापडतं.

तिसरी गोष्ट लोकांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकते. सगळीकडे हिरवंगार रायटेबल आणि अपडेट दाबलं की वर्डप्रेस एफटीपीचा (सर्व्हरवर फाइल पाठवायची पद्धत) युजरनेम-पासवर्ड मागतं! याचं कारण असं की वर्डप्रेस डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये एक तात्पुरती फाइल बनवतं, तिचा ओनर आणि वर्डप्रेसच्या स्वतःच्या फाइलचा ओनर एकच आहे का ते बघतं, आणि नसेल तर थेट लिहायला नकार देतं. म्हणजे फोल्डर ७७७ (सगळ्यांना लिहायला मोकळं) केलं तरी एफटीपीचा फॉर्म काही जात नाही. साइट हेल्थचा स्टेटस टॅब ही गोष्ट पकडतो, फाइल ओनरशिपमुळे असं होतंय, होस्टिंग कंपनीशी बोला असं सांगतो आणि थांबतो. नेटवर लगेच उपाय सापडतो की डब्ल्यूपी-कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये एफएस-मेथडला डायरेक्ट करा. चालतं ते, पण मग नव्या फाइल वेब सर्व्हरच्या नावावर बनतात आणि उद्या तुम्हाला एसएफटीपीने त्याच फाइल बदलता येत नाहीत. खरा उपाय पीएचपी-एफपीएमचा पूल (पीएचपी चालवणाऱ्या प्रोसेसचा गट) साइटच्याच युजरखाली चालवणं हा आहे, प्रत्येक साइटला वेगळा युजर आणि वेगळा पूल, मग फोल्डर ७५५ आणि फाइल ६४४ एवढ्यावर सगळं चालतं, आणि एक साइट हॅक झाली तरी तिच्यातून शेजारच्या साइटमध्ये लिहिता येत नाही.

चौथं, तपासणी फक्त वरवरच्या फोल्डरांची आहे. एका संस्थेच्या साइटवर फॉर्मचं एकच प्लगिन अपडेट होईना, बाकी सगळी व्यवस्थित होत होती, एरर यायची की जुनं प्लगिन काढता येत नाही. साइट हेल्थमध्ये प्लगिन्स रायटेबल. आत जाऊन एलएस मायनस एल केलं तर सगळ्या फोल्डरांसमोर साइटच्या युजरचं नाव आणि मधेच त्या एकापुढे रूट रूट, म्हणजे ओनर आणि ग्रुप दोन्ही सर्व्हरच्या सर्वाधिकारी युजरचे. आधीच्या माणसाने डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेस कमांडने चालवायचं साधन) रूट म्हणून चालवलं होतं. खरं तर डब्ल्यूपी-सीएलआय रूटला सरळ अडवतं, मोठी एरर देतं, पण अलाउ-रूट जोडलं की गप्प बसतं. चाऊनने ओनर बदलला की लगेच अपडेट झालं. पुढच्या वेळी सुडोला मायनस यू देऊन साइटच्या युजरखालीच चालवा. कॅशेवाली, बॅकअपवाली प्लगिनं स्वतःचे फोल्डर बनवतात, वर्डफेन्स हे सुरक्षेचं प्लगिन डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या डब्ल्यूएफलॉग्समध्ये लिहितं, यातलं काहीच या यादीत येत नाही, तिथे हातानेच बघावं लागतं. जागा संपलीय का ते पण बघा, आणि जागा शिल्लक असेल तर डीएफ मायनस आय करा, आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद) संपले तरी फाइल बनत नाही आणि लोक परमिशनच शोधत बसतात.

७७७ बद्दल मात्र कळकळीने सांगतो. होस्टिंगच्या चॅटवर आजही "सर, ७७७ करून बघा" असं उत्तर मिळतं, मला स्वतःला मिळालंय, कंपनीचं नाव घेत नाही. ७७७ म्हणजे त्या मशीनवरच्या कुठल्याही युजरला तुमच्या फोल्डरात फाइल टाकता येणार. सूएक्झेकसारख्या सेटिंगवर (जिथे स्क्रिप्ट तुमच्याच युजरखाली चालते) तर ७७७ केलं की स्क्रिप्ट चालतच नाही, सरळ ५०० ची एरर. उलट डब्ल्यूपी-कॉन्फिग आणखी घट्ट ठेवा, ६४० किंवा ६००, म्हणजे इतरांना वाचताही येत नाही.

आणि नॉट रायटेबल दिसलं म्हणजे बिघाडच आहे असंही नाही हं. सुरक्षेसाठी मुद्दामच प्लगिन्स फोल्डर बंद ठेवून फक्त अपलोड्स उघडा ठेवलेले सर्व्हर असतात, कोड गिटमधून (कोडच्या आवृत्त्या ठेवणारं साधन) येतो, अॅडमिनमधून काही इन्स्टॉल करूच द्यायचं नाही म्हणून डिसअलाउ-फाइल-मॉड्स लावलेलं असतं. तिथे नॉट रायटेबल हेच बरोबर उत्तर. परमिशन सैल करायच्या आधी सर्व्हर ज्याने लावलाय त्याला एकदा विचारा.

दीड मार्क कापले ते यासाठी की ज्या ओळीत नॉट रायटेबल लिहितात त्याच ओळीत फोल्डरचा ओनर आणि पीएचपी कुठल्या युजरखाली चालतंय एवढी दोन नावं दाखवली असती तर निम्म्या लोकांना एसएसएच उघडावंच लागलं नसतं. तोवर इन्फो टॅबमध्ये वरती माहिती कॉपी करायचं बटण आहे ते वापरा, अॅडमिन मराठीत असलं तरी परमिशनचा भाग त्यात इंग्रजीत येतो, सपोर्टला तिकीट टाकताना तो आणि नेमआयचं आउटपुट दोन्ही चिकटवा, समोरच्याला ७७७ सुचवायला मग फारशी जागा उरत नाही.