एफट्रेसचं रिकर्शन संरक्षण: काही महिने वापरल्यावर

महाप्याच्या ऑफिसात आमची टीम लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) फंक्शन कॉल्सवर नजर ठेवणारं एक मॉड्यूल (कर्नलला जोडता येणारा कोड) सांभाळते. एफट्रेस ही कर्नलमधली फंक्शन्सचा माग ठेवणारी, म्हणजे ट्रेस करणारी, सोय. तिला कॉलबॅक (आपण लिहिलेलं फंक्शन) जोडला की ठरावीक फंक्शन सुरू होताच तो चालतो. गोम अशी, की कॉलबॅकने ट्रेस होणारंच एखादं फंक्शन बोलावलं, तर त्यावर पुन्हा कॉलबॅक, त्यातून पुन्हा तेच. स्टॅक (फंक्शन कॉल्ससाठीची मेमरी) संपतो, मशीन आडवं. हेच रिकर्शन, आणि ते रोखायला एफट्रेसमध्ये संरक्षण आहे.

जुन्या कर्नलवरून येणाऱ्यांनी आधी एवढं बघा: ५.१० पर्यंत हे संरक्षण आपोआप मिळायचं, नको असेल तर फ्लॅग (पर्याय निवडायची खूण) लावायचा. ५.११ पासून (फेब्रुवारी २०२१) गणित उलटं झालं. आता हवं असेल तर 'एफट्रेस_ऑप्स_एफएल_रिकर्शन' फ्लॅग लावा, नाहीतर कॉलबॅकमध्ये स्वतः ट्रायलॉक-अनलॉक करा: सुरुवातीला 'आधीच आत आहोत का' हे तपासून खुणेचा बिट लावायचा, शेवटी तो काढायचा. जुना कोड कंपाइल होईल म्हणून निर्धास्त राहू नका.

आम्ही दोन्ही वापरून पाहिलं. फ्लॅग सोपा, पण मधे आणखी एक फंक्शन कॉल येतो. ट्रायलॉक स्वस्त पडतो. नॉर्मल, सॉफ्टआयआरक्यू, आयआरक्यू आणि एनएमआय (नॉर्मल सोडून बाकीचे इंटरप्टचे, म्हणजे चालू काम अडवून मधेच चालणाऱ्या कामाचे, प्रकार) या प्रत्येक संदर्भाचा बिट वेगळा असल्यामुळे मधेच इंटरप्ट आला तर त्याला कोणी रिकर्शन समजत नाही. मात्र हा मार्ग घेतलात तर कॉलबॅकवर 'नोट्रेस' ('हे फंक्शन ट्रेस करू नका' अशी खूण) हवंच. कॉलबॅकच ट्रेस होत असेल तर ट्रायलॉकच्या ओळीपर्यंत गाडी पोचतच नाही! आणि बाहेर पडायच्या प्रत्येक वाटेवर अनलॉक. टीममधल्या ठाण्याच्या मित्राचं म्हणणं, "अरे, मधे रिटर्न ठेवूच नकोस, शेवटी एकच ठेव." मला पटलं.

खरी कमाल रिकर्शन घडवणाऱ्या फंक्शन्सची यादी ठेवणाऱ्या 'रिकर्स्ड_फंक्शन्स' या फाइलची. ट्रायलॉकला निगेटिव्ह उत्तर आलं की कॉलबॅक गुपचूप परततो. ना एरर, ना लॉग, फक्त आकडे कमी दिसतात. ते कुठे गळतात हे या फाइलने दाखवलं. ओळीत आधी बोलावणारं फंक्शन, मग बोलावलं गेलेलं. आमच्या यादीत आमच्याच मॉड्यूलमधलं नाव पुन्हा पुन्हा यायचं: नोंद बफरमध्ये टाकणारं छोटंसं फंक्शन. मॉड्यूल लोड झालं की त्यातली फंक्शन्सही ट्रेस होऊ लागतात, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यावर नोट्रेस लावलं, फाइल रिकामी केली, मशीनला पुन्हा कामाचा ताण दिला. ते नाव परत आलं नाही.

तक्रार एकच. ही फाइल कर्नल कंपाइल करतानाच 'कॉन्फिग_एफट्रेस_रेकॉर्ड_रिकर्शन' चालू केलं तरच मिळते, आणि रिकर्शन होतं तिथे ओव्हरहेड (जादा कामाचा भार) वाढतो. यादीची मर्यादाही डीफॉल्टने १२८ फंक्शन्स. म्हणून आम्ही चाचणीसाठी वेगळं कर्नल बिल्ड ठेवलंय. ग्राहकाकडे जाणाऱ्या बिल्डमध्ये हा पर्याय बंदच असतो.