जहाजावर चढण्यापूर्वीची मुंबई : बाभुळगाव तालुक्यातील एका प्रवाशाचा अभिप्राय

आमच्या भागातून क्रूझला जाणाऱ्यांना बहुधा एकच सल्ला मिळतो, की सकाळी मुंबईत उतरा आणि दुपारी जहाजावर चढा. तालुक्याच्या गावातील ज्या प्रवासी कंपनीकडे आम्ही नोंदणी केली होती, तिनेही हेच सांगितले. मी ते मानले नाही. कपाशीची शेवटची वेचणी आटोपून माघात आई, पत्नी आणि मी धामणगावहून विदर्भ एक्सप्रेसने निघालो आणि जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. गाडीला उशीर झाला तरी जहाज थांबत नाही, हे त्यामागचे साधे कारण होते. परंतु त्या दीड दिवसाने जे दिले, ते त्याहून पुष्कळ अधिक होते.

दक्षिण मुंबईत ऑटोरिक्षा चालत नाहीत, त्यामुळे सामानासह काळी-पिवळी टॅक्सीच करावी लागते. खोली मात्र स्थानकाजवळ घेण्याची घाई करू नये. आमच्या लॉजने सकाळी खोली देण्याचे कबूल करून ऐनवेळी अर्ध्या दिवसाचे जादा भाडे मागितले. ही बाब आधीच लिहून घ्यावी.

गेटवे ऑफ इंडिया सर्वांनाच ठाऊक आहे. 1924 मध्ये खुली झालेली ही कमान जॉर्ज विटेट यांनी रचली आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे वास्तुरचनाकारही तेच. आम्ही अधिक वेळ घालवला तो बॅलार्ड इस्टेटमध्ये. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खोदताना निघालेल्या भरावाने समुद्र हटवून ही जमीन तयार करण्यात आली आणि 1914 ते 1918 या काळात विटेट यांच्याच आराखड्यानुसार येथे एकसारख्या उंचीच्या दगडी इमारती उभ्या राहिल्या. रविवार असल्याने रस्ते शांत होते आणि पंच्याहत्तरीच्या आईलाही सावकाश चालता आले.

या फुटपाथवर मला वडिलांची आठवण आली. जिनिंगच्या आवारात गाठी बांधल्या जात असताना ते म्हणत, ‘हा कापूस आता मुंबईला जाईल.’ 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मागणी आली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, तेव्हा आपल्या वावरातील माल या बंदराकडे आणणारी वाट पक्की झाली. ज्या वाटेने पिढ्यानपिढ्या आपल्या गाठी आल्या, त्याच वाटेने आम्ही आलो होतो. हे आईला सांगितले, तेव्हा ती गोदीच्या भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशीचे जेवण याच भागातील ब्रिटानिया अँड कंपनीत केले. 1923 पासूनच्या या इराणी उपाहारगृहातील बेरी पुलाव भाज्या घालूनही मिळतो. आंबटगोड बेरींची चव आईला प्रथम परकी वाटली, पण तिने ताट स्वच्छ केले. दर आपल्याकडच्या मानाने चढे आहेत.

तेथून बॅलार्ड पिअरचे क्रूझ टर्मिनल अगदी जवळ आहे. प्रवासी कंपनीच्या कागदावर सकाळी दहाची वेळ होती, तर प्रत्यक्ष बोर्डिंग पासवर दुपारची. सकाळीच गेलो असतो, तर आईला चार तास ताटकळावे लागले असते. मोठ्या बॅगा टर्मिनलवर चिठ्ठी लावून घेतल्या जातात आणि नंतर जहाजावरील खोलीत पोहोचवल्या जातात. म्हणून औषधे, आधार कार्ड आणि एक शाल हातातील पिशवीतच ठेवावी.

मुंबईच्या या मुक्कामाला मी पाचपैकी चार गुण देतो. एक गुण लॉजने घालवला. हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीनला जाऊन कापूस बाजाराची जुनी इमारत पाहायची राहिली आहे. पुढच्या खेपेस त्यासाठी आणखी एक दिवस हाती ठेवणार आहे.