नमुना अस्सल, माल भेसळीचा: घरगुती साचेकामात झालेली माझी फसवणूक

गेली ६ वर्षे मी चिंचवडला राहत्या घरी रेझिनचे, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकचे, मावळे ओतते. दिवाळीत मुले दगडमातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात आणि मग त्यावर मांडायला मावळे, तोफा, बुरूज शोधत फिरतात. त्या किल्ल्यांसाठी दोन-अडीच इंच उंचीची चित्रे मी तयार करते. माझ्या वडिलांनी पेणला गणपतीच्या कारखान्यात ४० वर्षे काम केले. ते शाडूत एकेक मावळा घडवतात, त्यावर लाखेच्या पॉलिशचे दोन हात देतात, आणि त्या मूळ मूर्तीवर, जिला आम्ही मास्टर म्हणतो, मी सिलिकॉन रबर ओतून साचा करते. या कामात २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात माझी २६,३०० रुपयांची फसवणूक झाली. घरी साचे करणाऱ्या कोणाचीही अशी फसवणूक होऊ शकते, आणि ती होत असताना चूक आपलीच आहे असे वाटत राहते, म्हणून सर्व तपशीलवार लिहीत आहे.

ज्यांना हे काम नवे आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे आवश्यक आहे. साच्यासाठीचे रबर मुख्यतः दोन प्रकारचे असते. एक कथिलाच्या संयुगाने घट्ट होणारे. त्यात वजनाच्या साधारण २ ते ५ टक्के हार्डनर मिसळतात आणि ते स्वस्त असते. दुसरे प्लॅटिनमच्या साहाय्याने घट्ट होणारे; ते बहुधा समप्रमाणात किंवा दहास एक या प्रमाणात मिसळतात, फारसे आकसत नाही, पण महाग असते आणि गंधकयुक्त माती, लेटेक्सचे हातमोजे अशा गोष्टींचा संपर्क आला तर घट्ट होण्यास नकार देते. मी पहिल्या प्रकारचे, ३ टक्के हार्डनरचे रबर वापरते. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण माझी दिशाभूल नेमकी याच फरकाच्या आधारे करण्यात आली.

११ जुलै २०२५ रोजी रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड यांच्यासह १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि त्यानंतर किल्ल्यांच्या संचांची विचारणा एकाएकी वाढली. एरवी मी दिवाळीसाठी ४० संच करते. त्या वर्षी ऑगस्टअखेर ९० संचांची मागणी नोंदवली गेली होती. माझा नेहमीचा दुकानदार रबर ९८० रुपये किलोने देत असे. त्याच सुमारास इन्स्टाग्रामवर एका विक्रेत्याची जाहिरात दिसली. तो तेच रबर ८५० रुपयांना देत होता. मी सावधपणे आधी एकच किलो मागवले. ते उत्तम निघाले. दाट, पांढरेशुभ्र, ओतताना तार धरणारे. दुसऱ्या दिवशी साचा असा सुटला की मावळ्याच्या मुंडाशाचा प्रत्येक पीळ त्यात उमटला होता. मी त्या विक्रेत्याला समाधान कळवले आणि त्याने लगेच विचारले, "ताई, सीझनला किती लागेल?"

मी १५ किलो रबर आणि २० किलो पॉलियुरेथेन रेझिन सांगितले. रबराचे १२,७५०, रेझिनचे १२,४०० आणि वाहतुकीचे १,१५० असा हिशेब झाला. संपूर्ण रक्कम आगाऊ हवी होती. यूपीआयने पैसे पाठवताना पडद्यावर दुकानाचे नाव न दिसता एका व्यक्तीचे नाव दिसले. मी क्षणभर थांबले आणि विचारले, तर "भावाचं खातं आहे ताई, बिल मालासोबतच येईल" असे उत्तर आले. नमुना चांगला निघाला होता, म्हणून मी बटण दाबले. त्या एका किलोने माझा विश्वास विकत घेतला गेला होता, हे मला तेव्हा समजले नाही.

माल गणपती विसर्जनानंतर आला. त्याच आठवड्यात वडिलांनी नवा मास्टर पूर्ण केला होता: एका हातात भाला, दुसरा ढालीवर टेकलेला, गुडघा किंचित वाकवलेला मावळा. वडिलांचे वय ७४ आहे, हात थरथरतात, आणि त्या एका चित्रासाठी त्यांना १८ दिवस लागले होते. मी डबा उघडला तेव्हा रबर आधीच्यापेक्षा पातळ वाटले, पळीवरून ते तार न धरता ताकासारखे ओघळले. पण मी ते आधी वाडगाभर वेगळे ओतून पाहिले नाही. सरळ नव्या मास्टरवर ओतले. माझ्या हातून झालेली ही सर्वांत मोठी चूक आहे.

२४ तासांनी साचा वरून घट्ट लागत होता. उघडला तर आत मास्टरच्या अंगाला चिकट, मधासारखा थर होता. आणखी एक दिवस थांबले. फरक पडला नाही. तो थर काढण्यासाठी मी कापसाला स्पिरिट लावले, आणि स्पिरिटाने रबर तर निघाले नाहीच, उलट लाखेचे पॉलिश विरघळले. लाख स्पिरिटात विरघळते हे मला माहीत होते. घाईत मी ते विसरले. पॉलिश गेल्यावर उघड्या पडलेल्या शाडूत ओल शिरली आणि माझ्या बोटांखाली मावळ्याचा चेहरा पिठासारखा सुटू लागला. आधी नाक गेले, मग मिशा, मग भाला धरलेली बोटे. मी कापूस बाजूला ठेवला तेव्हा वडील शेजारीच बसलेले होते. ते काही बोलले नाहीत.

विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली. त्याचे उत्तर फार आत्मविश्वासाचे होते: "ताई, मातीतल्या गंधकामुळे रबर सेट होत नाही. ही तुमची चूक आहे, मालाची नाही." यात सांगितलेला नियम खरा आहे, पण तो प्लॅटिनमच्या रबराचा आहे. कथिलाच्या रबराला गंधकाचा तसा अडसर होत नाही, आणि शिवाय माझ्या शाडूवर लाखेचे पॉलिश होते. खऱ्या ज्ञानाचा तुकडा चुकीच्या जागी वापरून समोरच्याला गप्प करणे, ही या विक्रेत्यांची पद्धत आहे. आपण घरी शिकलेली माणसे, आपल्याला आपल्या कामाची पूर्ण खात्री नसते, आणि त्यामुळे असे उत्तर आपण मान्य करून टाकतो. मीही दोन दिवस ते मान्य केले होते.

त्यानंतर त्याने हार्डनर ५ टक्के घालण्याचा सल्ला दिला. तसे केल्यावर जुन्या मास्टरवरचे साचे घट्ट झाले, पण हार्डनर वाढवला की रबर ठिसूळ होते. एरवी ३० ते ४० ओतकामे देणारा साचा सातव्या-आठव्या वेळी भाल्याच्या टोकाशी फाटू लागला. त्याहून वाईट प्रकार रंगवताना उघड झाला. मावळ्याच्या मुंडाशाला भगवा ॲक्रिलिक रंग लावला की तो पसरेना. अळवावरच्या पाण्यासारखे त्याचे थेंब होऊन बाजूला घरंगळत. भांड्यांच्या साबणाने धुऊन, प्रायमर मारून रंग कसाबसा बसवला. त्यातले २२ संच मी गिऱ्हाइकांना दिले आणि आठवड्याभरात ११ जणांनी रंगाची पापडी निघत असल्याची तक्रार केली. त्या सर्वांचे पैसे मी परत केले.

याचे कारण सिलिकॉन तेल हे होते. रबर पातळ करण्यासाठी थोडे सिलिकॉन तेल मिसळणे ही कारागिरांमध्ये माहीत असलेली गोष्ट आहे, पण हे तेल रबराशी जोडले जात नाही, नुसते त्यात अडकून राहते. प्रमाण वाढले की ते साच्यातून पाझरते, साचा कमकुवत होतो आणि ओतलेल्या प्रत्येक चित्राच्या अंगाला तेलाचा सूक्ष्म थर लागतो. स्वस्त तेल घालून वजन वाढवायचे आणि रबराच्या भावाने विकायचे, एवढाच हा व्यवहार.

रेझिनची कथा थोडक्यात सांगते. पॉलियुरेथेन रेझिन दोन द्रव भाग एकत्र करून घट्ट होते; त्यांपैकी आयसोसायनेटचा भाग हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. एकदा उघडून पुन्हा बंद केलेल्या किंवा जुन्या मालात हे आधीच घडलेले असते. माझ्याकडे आलेल्या डब्याचे झाकण फुगलेले होते, आणि ओतलेला बुरूज साच्यातून ढोकळ्यासारखा जाळीदार होऊन वर आला. विक्रेता म्हणाला, "पावसाळी हवा आहे ताई." हेही अर्धे खरेच होते. म्हणून मी शहरातल्या दुकानातून एक किलोचा सीलबंद संच आणला आणि त्याच दुपारी, त्याच साच्यात ओतला. तो स्वच्छ निघाला. हवा तीच होती.

हीच पद्धत मी रबरासाठी वापरली, आणि ज्यांना शंका येईल त्यांनी ती अवश्य वापरावी. सुदैवाने पहिल्या, चांगल्या किलोतले सुमारे २५० ग्रॅम रबर आणि त्याचा हार्डनर शिल्लक होता. मी तीन कागदी कप घेतले: पहिल्यात जुने रबर आणि जुना हार्डनर, दुसऱ्यात नवे रबर आणि नवा हार्डनर, तिसऱ्यात जुने रबर आणि नवा हार्डनर. प्रत्येकी १०० ग्रॅमला ३ ग्रॅम, एकाच काट्यावर, एकाच वेळी. दुसऱ्या दिवशी पहिला कप टणक झाला होता. तिसरा उशिरा, पण झाला, म्हणजे नवा हार्डनर जुना पडलेला असला तरी निरुपयोगी नव्हता. दुसऱ्यात नख रुतत होते. तिन्ही गोळे टीपकागदावर ठेवले. दोन दिवसांनी दुसऱ्याच्या खाली बांगडीएवढे तेलाचे कडे उमटले होते, पहिल्याखालचा कागद कोरडा होता. माझ्या हाताची, हवेची आणि मातीची शंका त्या दिवशी संपली.

मग मी डबे नीट पाहिले. ५ किलो असे लिहिलेला भरलेला डबा मी आल्याच दिवशी काट्यावर ठेवायला हवा होता. न उघडलेला तिसरा डबा आता ठेवला तर डब्यासकट ५,०४० ग्रॅम भरला, आणि रिकाम्या डब्याचे वजन ४१० ग्रॅम निघाले. म्हणजे प्रत्यक्षात माल ४,६३० ग्रॅम. लेबलवर उत्पादकाचे नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष, कमाल किंमत, ग्राहक संपर्क यांपैकी काहीच नव्हते; वेष्टनबंद मालावर हे असणे कायद्याने अपेक्षित आहे. लेबलचा कोपरा ओला करून उचलला तेव्हा खाली दुसऱ्याच मालाचे लेबल होते. मला यातली सर्वांत अधिक चीड कशाची आली असेल, तर हीच. घरात लहान मूल असताना, खिडकीशी बसून, मास्क लावून मी जे ओतत होते ते नेमके काय होते हे मला माहीतच नव्हते.

बिल मालासोबत आले नव्हते. आला होता तो व्हॉट्सॲपवरचा एक अंदाजपत्रकाचा फोटो. त्यावरचा जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होत होता. १५ अक्षरांच्या या क्रमांकातले पहिले दोन अंक राज्य दाखवतात. महाराष्ट्राचे २७ आहेत, ०७ दिल्लीचे. विक्रेता मात्र स्वतःला वसईचा म्हणवत होता. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक कोणालाही विनामूल्य तपासता येतो. मी तपासला तेव्हा नोंदणी रद्द झालेली दिसली, आणि ती कापडाच्या व्यवसायाची होती. पैसे पाठवण्यापूर्वी हे करायला दोन मिनिटे लागली असती. हे सर्व त्याच्यासमोर मांडल्यावर त्याने तीन कपांचे छायाचित्र पाहिले, उत्तर दिले नाही आणि मला ब्लॉक केले.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि पैसे ज्या खात्यात गेले त्याबद्दल १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवले. १९३० वर जितक्या लवकर फोन होईल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक. मी महिनाभर विक्रेत्याच्या उत्तरांची वाट पाहत राहिले, त्यामुळे ती संधी गेली. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. आपण जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे ती करता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या मालासाठी शुल्क लागत नाही. एक गोष्ट मुद्दाम सांगते: व्यापारासाठी घेतलेल्या मालाची तक्रार ग्राहक म्हणून करता येत नाही असे सांगून काही जण आपल्याला परत पाठवतील, पण केवळ स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करण्यासाठी वस्तू घेणारा माणूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच मानला जातो. तक्रारीत तसे स्पष्ट शब्दांत लिहावे. मी तिन्ही डबे, लेबले, कप आणि टीपकागद तारीख घालून जपून ठेवले आहेत. निकाल अजून लागलेला नाही.

आता प्रत्येक नव्या डब्यातले ५० ग्रॅम रबर मी आधी कपात ओतते आणि दोन दिवस खिडकीत ठेवते, मग तो डबा दहा वर्षांच्या ओळखीच्या दुकानातून आलेला असो. पुढच्या दिवाळीसाठी वडिलांनी तोच मावळा पुन्हा घडवायला घेतला आहे. ढालीवरचा हात नेमका कसा टेकवला होता हे त्यांना आठवेना. त्या बिघडलेल्या साच्यात ढालीकडचा भाग तेवढा घट्ट झाला होता. तो मी कापून, पुसून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी त्यात ओल्या शाडूचा गोळा दाबला, बाहेर काढला, आणि चष्मा वर सारून बराच वेळ त्या चार बोटांकडे पाहिले.