तलावातील दिव्यांच्या जाम स्क्रूंसाठी ठोक्याचा इम्पॅक्ट ड्रायव्हर

आमच्या सोसायटीच्या जलतरण तलावातील पितळी कड्यांचे जुने दिवे बदलताना, हातोडीने ठोकून वापरायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर हाताळला. हजार रुपयांच्या आत मिळणारे हे हत्यार दुचाकीच्या मेकॅनिककडे हमखास असते. तलावाची देखभाल करणाऱ्यांच्या पेटीतही ते असायला हवे.

त्याची सारी करामत आतल्या तिरप्या खाचांत आहे. मागच्या टोकावर हातोडी बसली की बिट, म्हणजे स्क्रूच्या खाचेत बसणारे बदलते टोक, पुढे दाबले जाते आणि त्याच क्षणी किंचित फिरते, त्यामुळे साध्या स्क्रू ड्रायव्हरने जोर लावताना बिट निसटून चौफुली खाच जशी गुळगुळीत होऊन बसते, तसे येथे सहसा होत नाही. मात्र ड्रायव्हर उलट्या दिशेला लावला आहे याची आधी खात्री करावी, अन्यथा प्रत्येक ठोक्यासरशी स्क्रू अधिकच आवळला जातो.

नुसते ठोकून भागत नाही. दिवा १२ व्होल्टचा असला तरी वीजपुरवठा मुख्य स्विचपासून बंद करावा आणि पाणी दिव्याच्या खाली उतरवावे, कारण पाण्यात हातोडीला जोर येत नाही. (टँकरवर भागवणाऱ्या सोसायटीत याला मंजुरी मिळवणे हेच खरे अवघड काम!) बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार व्हिनेगरने भिजवलेल्या फडक्याने मऊ करून खरवडला, तेव्हा कुठे खाचेचा तळ दिसला. त्यानंतर गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू दिल्यावर बहुतेक स्क्रू दोन-चार ठोक्यांत कट्कन सुटले. ज्याचे डोके आधीच उडाले होते, त्यापुढे मात्र हे हत्यार हतबल ठरले. तेथे मधोमध भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टरच (तुटका स्क्रू बाहेर काढणारे हत्यार) वापरावा लागला.

प्लास्टिकच्या दिव्यांवर हा ड्रायव्हर मुळीच चालवू नये, तडा जाण्याची भीती असते. सोबत मिळालेली बिटे नरम निघाली, तेव्हा चांगली बिटे वेगळी घ्यावीत. नवे स्क्रू ३०४ ऐवजी ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे बसवावेत. त्यातील मॉलिब्डेनममुळे ते क्लोराइडपुढे जास्त टिकतात. हा ड्रायव्हर स्वतः साध्या पोलादाचा असल्यामुळे काम संपताच कोरडा पुसून त्याला तेल लावावे, नाहीतर पुढच्या वेळी तोच जाम झालेला सापडेल.