स्टार्ट की बिगिन?

दोन्हींचा अर्थ सुरू करणे. पाऊस ‘स्टार्टेड’ म्हणा नाहीतर ‘बिगॅन’, कोणी हटकणार नाही. पण यंत्र आलं की बिगिनचं काही चालत नाही. गाडी, इंजिन, विहिरीवरचा पंप हे सगळं स्टार्टच होतं. म्हणून तर पंपाच्या पेटीला गावोगावी ‘स्टार्टर’ म्हणतात. धंदा काढायचा किंवा प्रवासाला निघायचं, तिथेही स्टार्टच. त्याचा जुना अर्थ उडी मारणे, उसळणे. दचकण्यालाही इंग्रजीत अजून ‘स्टार्ट’ चालतं.

बिगिन जरा इस्त्रीचे कपडे घालून येतं. समारंभ, भाषण, ग्रंथ ही त्याची ठिकाणं. 1611 च्या किंग जेम्स बायबलची सुरुवातच ‘इन द बिगिनिंग’ अशी आहे. शिवाय बिगिन, बिगॅन, बिगन ही रूपं पाठ करावी लागतात. स्टार्टला नुसतं ‘एड’ लावलं की झालं.

नवशिक्याला मात्र ‘बिगिनर’ म्हणा. ‘स्टार्टर’ म्हणालात तर हॉटेलातला वेटर पनीर टिक्का आणून ठेवेल! बोलताना अडलात तर बेधडक स्टार्ट वापरा. बिगिन अर्जात आणि भाषणात शोभतं.