उजव्या डोळ्याला हो म्हणाले, डाव्याला थांबा (पाचपैकी चार तारे)

सोलापुरात बाळीवेसेत घरातूनच फॉल-पिको आणि ब्लाउजचं काम करते. वय 62, शुगर जुनी. नेव्ही ब्लू आणि काळ्या दोऱ्याची रिळं सारखीच दिसायला लागली तेव्हा डोळे दाखवायला घेतले. आधी एका ठिकाणी गेले होते. तिथं "दोन्हीत मोतीबिंदू आहे, दोन्ही करून टाकू" म्हणाले आणि पॅकेजचा कागद पुढं सरकवला. मग शेजारच्या काकूंनी सात रस्त्याजवळचा हा दवाखाना सांगितला.

इथं डॉक्टरांनी आधी काम काय करता ते विचारलं. रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकतात का? सुई चष्म्याशिवाय ओवता येते का? येत होती की! मधे तर चष्मा बाजूलाच पडला होता, मला वाटलं डोळे सुधारले. त्यावर ते हसले. म्हणाले, आतलं भिंग कडक आणि पिवळं होत गेलं की जवळचं काही काळ बरं दिसतं, ते टिकत नाही. निळा रंग काळपट दिसतो तोही त्यामुळंच.

उजवा डोळा 6/24 (म्हणजे चांगल्या नजरेला 24 मीटरवरून दिसतं ते मला 6 मीटरवरून), नंबर बदलूनही त्यापुढची ओळ वाचता येईना. जाऊबाईंनी बजावलं होतं, पिकू दे, मग काढ. तेही विचारलं. डॉक्टर म्हणाले, ते जुन्या पद्धतीचं. आता फेकोत भिंगाचा आतल्या आत चुरा करून काढतात, फार कडक झालं तर उलट अवघड जातं. डोळ्याच्या मागचा पडदा चांगला आहे आणि तुमचं काम अडतंय, म्हणजे या डोळ्याला फायदा होईल.

डावा 6/18. आकड्यावर हा बरा, पण गाडी अडली ती इथंच. थेंब घालून तपासल्यावर म्हणाले, यातला मोतीबिंदू इतका हलका आहे की एवढं अंधुक त्यानं दिसायला नको, कारण दुसरं असणार. पडद्याचा फोटो काढला, ओसीटी म्हणतात त्याला. शुगरमुळं पडद्याच्या मधोमध सूज निघाली. आता भिंग बदललं तर खर्च होईल, नजर फारशी वाढणार नाही, सूज वाढूही शकते. आधी इंजेक्शन आणि शुगर ताब्यात, मग बघू. डोळ्यात इंजेक्शन ऐकून पोटात गोळा आला, पण कारण पटलं. ऑपरेशनला नाही म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच बघितला. माझे चार तारे मुख्यतः या "थांबा"ला आहेत.

उजव्याचं ऑपरेशन थेंबांच्या भुलीवर झालं, घरी त्याच दिवशी. महिन्याभरानं चष्म्यासह 6/9. जवळचा चष्मा शिवताना लागतोच, ते आधीच सांगितलं होतं.

आता एक तारा कशाला कापला ते. काउंटरवरची मुलगी "मावशी, चष्मा नको असेल तर ही भारीची लेन्स घ्या" म्हणून मागंच लागली. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी कागदावर सरळ काट मारली: शुगरनं पडद्याला त्रास असलेल्यांना मल्टिफोकल (दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणारी ही लेन्स) सहसा बसवत नाहीत, कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद-फिकट यातला फरक, कमी दिसतो. अरे, मग काउंटरवर कशाला दाखवता? आतलं आणि बाहेरचं एकमेकांशी बोलत नाहीत की काय? शिवाय दहाची वेळ देतात आणि नंबर जेवणाच्या वेळेला लागतो. बाकडी कमी, गावाकडून आलेली म्हातारी माणसं जिन्यावर बसलेली असतात.

जाताना शुगरचा ताजा रिपोर्ट आणि जुन्या चष्म्याचा नंबर न्या. सोबत कुणीतरी असू द्या, थेंबांनंतर उन्हात काही दिसत नाही आणि सात रस्त्याची गर्दी तर तुम्हाला माहीतच आहे. रिक्षा दारापर्यंत येते.