फरदड घ्यायची की पऱ्हाटी उपटायची? हिशेबाच्या तीन पद्धती

डिसेंबर सरत आला की पारोळ्यापासून शहाद्यापर्यंत प्रत्येक कापूसवाल्यापुढे एकच प्रश्न असतो. विहिरीला पाणी आहे, झाड हिरवं आहे. पाणी देऊन फरदडीची, म्हणजे मुख्य वेचण्या झाल्यावरही उभ्या ठेवलेल्या कपाशीची, एखादी वेचणी काढायची, की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून रान मोकळं करायचं? या दिवसांत एक हिरवं बोंड फोडून बघा. सरकीला भोक, रुई पिवळट डागाळलेली, आत गुलाबी अळी. पीक उभं ठेवलं की तिला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. सगळ्यांनी रान मोकळं केलं तर तिची उपासमार होते, कारण तिचं मुख्य खाणं कपाशीच. पण एकट्याने केलं तर शेजारून पतंग येतातच. २०१७ साली राज्याने हे चांगलंच भोगलं.

गावात बैठक घेता येते. तापीकाठच्या हजारो अनोळखी शेतकऱ्यांशी बोलणार कोण? न बोलता एकमेकांना साथ कशी द्यायची, यावर निर्णयशास्त्रात १९६९ पासून, म्हणजे तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकने न्यूकमचं कोडं (आपली निवड आधीच ओळखणारा समोर असेल, तर काय निवडायचं?) छापलं तेव्हापासून, जोरात वाद आहे.

पहिला हिशेब कारणाचा : माझ्या कृतीने जे घडतं तेवढंच मोजा. माझ्या तीन एकरांनी शहाद्याचा शेतकरी बदलत नाही, मग फरदड घ्या. आमच्याकडे म्हणतात तेच, ‘मी एकला थांबीसन काय व्हई?’ यात तर्काची चूक दाखवता येत नाही. मात्र सगळ्यांनी हाच हिशेब केला की सगळेच बुडतात.

दुसरा पुराव्याचा : माझ्यासारखी माणसं माझ्यासारखाच विचार करतात. मी थांबलो, म्हणजे फरदड टाळली, तर तीही थांबली असण्याची शक्यता वाढली, म्हणून थांबा. ऐकायला गोड, पण इथे फसगत होते. ज्याच्या विहिरीला पाणी तोच फरदड घेतो. म्हणून फरदड घेतल्याने विहीर भरते का? सोबत दिसणाऱ्या दोन गोष्टींचं मूळ तिसरीकडेच असू शकतं.

तिसरा हिशेब मला जास्त पटतो. अमेरिकन शास्त्रज्ञ-लेखक डग्लस हॉफस्टॅटरने तो १९८३ मध्ये मांडला. २०१७ मध्ये युडकोव्स्की आणि सोआरेस या संशोधकांनी त्याच्या जवळचाच विचार शास्त्राच्या भाषेत बसवला. दोन माणसं एकाच पद्धतीने विचार करत असतील, तर मी फक्त माझं उत्तर ठरवत नाही. ती पद्धत काय उत्तर देईल हे ठरवतो. विहिरीची अडचण इथे येत नाही, कारण पाणी काही विचार करत नाही.

पण हॉफस्टॅटरचाच अनुभव सांगायला हवा. त्याने २० मित्रांना पत्रं पाठवली : साथ द्या किंवा दगा द्या, आपसांत बोलू नका. सगळ्यांनी साथ दिली असती तर प्रत्येकी ५७ डॉलर, सगळ्यांनी दगा दिला असता तर १९. प्रत्यक्षात १४ जणांनी दगा दिला. त्यांना ४३ मिळाले आणि साथ देणाऱ्या सहांना १५. एवढी हुशार मंडळी, पण आपल्यासारखाच विचार समोरचाही करेल, हा भरवसा बहुतेकांच्या मनात नव्हता.

म्हणून निवडताना दोनच गोष्टी बघा. माझ्याच कारणांनी निर्णय घेणारे किती? ज्याच्या डोक्यावर उधारी आहे, तो वेगळ्याच हिशेबात अडकलेला असतो, त्याला आपल्यात धरू नका. आणि थांबल्याने माझं जातं किती? जास्त जात असेल, तर जवळजवळ सगळे सारखे विचार करणारे लागतात. फरदडीत मात्र बरीचशी कवडीच, म्हणजे किडका डागाळलेला कापूसच, हाती येते, तिला भाव नाही, वर पाणी आणि वेचणीची मजुरी आहेच. एवढ्या थोड्या नुकसानीला थोडे सोबतीही पुरतात.

माझ्या रानात गेल्या आठवड्यात ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या बसल्या. उरलेली बोंडं त्यांनी साफ केली. आता पऱ्हाटी उपटायला मजूर सांगितलेत.